बहिर्जी नाईक : बखरीतला आणि व्याख्यानातला

बहिर्जी नाईकांवर मी पंधरा वर्षे व्याख्याने दिली. इंदापूर आणि बारामती तालुक्यांत शिवजयंतीच्या आठवड्यात वक्त्यांची ओढाताण असते. पुण्याचे वक्ते परवडत नाहीत, मग माझ्यासारख्याला बोलावणे येते. नारळ, शाल, कधी येण्याजाण्याचे पेट्रोल. विषय मंडळेच ठरवत : ‘स्वराज्याच्या गुप्तहेर खात्याचे प्रमुख’. मी उभा राहायचो आणि धडाधड सांगायचो. तीन हजार हेर, पक्ष्यांच्या आवाजांची सांकेतिक भाषा, आज फकीर तर उद्या भिल्ल, परवा खुद्द आदिलशहाच्या दरबारात. टाळ्या पडायच्या.

दोन वर्षांपूर्वी बारामती तालुक्यातल्या एका गावात भाषण संपल्यावर बारावीतली एक मुलगी पुढे आली. तिने विचारले, “सर, तीन हजार हे कुणी मोजले?” मी म्हणालो, “बखरीत आहे.” ती म्हणाली, “कुठल्या?” मी काहीतरी पुटपुटलो आणि चहाकडे वळलो. बखर माझ्या घरी होती. ती मी वाचलेलीही होती. मात्र भाषण बसवताना ती कधी उघडली नव्हती, ते दुसऱ्यांच्या भाषणांवरून बसवले होते. हा लेख त्या मुलीला द्यायला हवे होते त्या उत्तरातून निघाला आहे.

माझ्याविषयी एवढे सांगतो, की मी इतिहासाचा पदवीधर नाही. सरकारी कचेरीसमोर माझे झेरॉक्स-टायपिंगचे दुकान आहे. मोडी शिकलो ती रविवारी पुण्याला एसटीने जाऊन. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि जुन्या कागदावरच्या एका शब्दावर माणसाचे काय काय अवलंबून असते, ते रोज पाहू लागलो. ‘असे म्हणतात’ या शब्दांवर तिथे कुणाचेही काम होत नाही. तोच नियम स्वतःच्या भाषणाला लावावा, एवढी माझी पद्धत.

आता बखर. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीला आपली बखर लिहिली, ती १६९४च्या सुमारास. शिवाजी महाराजांच्या निधनाला तेव्हा जेमतेम चौदा वर्षे झाली होती. तारखांच्या आणि घटनाक्रमाच्या बाबतीत सभासद ढिला आहे, आकडे फुगवतो, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. पण तो त्या राज्यात वावरलेला माणूस होता. बहिर्जीविषयी विश्वासाने बोलायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. सभासदाने सांगितलेल्या तीन गोष्टी माझ्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली, तो जासुदांचा नाईक होता, आणि त्याचे नाव बहिरजी जाधव. त्याच्यासाठी सभासद विशेषण वापरतो ते ‘शहाणा’. शूर नाही, बहुरूपी नाही. दुसरी, सुरतेची खबर त्याने आणली, की ती लुटली तर अगणित द्रव्य मिळेल. त्यावर महाराजांनी विचार केला, की नुसते लष्कर पाठवून हे काम मनासारखे होणार नाही, स्वतः गेले पाहिजे. तिसरी, जालना लुटून परतताना मोगली फौजांनी गाठले, सिदोजी निंबाळकर पडला, लूट आणि लष्कर दोन्ही अडचणीत आले, तेव्हा बहिर्जीने आडवाटेने रात्रंदिवस चालवून सगळ्यांना पट्टागडावर सुखरूप पोहोचवले. महाराजांनी तिथे विश्रांती घेतली आणि गडाला विश्रामगड नाव पडले. ही गोष्ट १६७९च्या नोव्हेंबरची.

एवढेच. शाइस्ताखानावरच्या छाप्याच्या हकिकतीत सभासद बाबाजी बापूजी आणि चिमणाजी बापूजी या खेडच्या देशपांड्यांची नावे घेतो, बहिर्जीचे घेत नाही. ‘फत्तेशिकस्त’ (२०१९) या चित्रपटात मात्र लाल महालाच्या त्या रात्रीमागे बहिर्जीची बुद्धी आहे, आणि आमच्याकडच्या पोरांना इतिहास म्हणून तोच ठाऊक आहे. आग्र्याचेही तसेच. महाराज १६६६ साली आग्र्यात होते, तेव्हा मिर्झाराजाच्या माणसांनी, विशेषतः परकालदासाने, आमेरच्या दिवाणाला लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. दरबारात कोण काय बोलले, छावणीत कोण आले, पहारे कसे बसले, बारीक बारीक सगळे आहे. बहिर्जी नाही. आता कुणी म्हणेल, पत्रात दिसला तर तो हेर कसला? हे उत्तर मीही व्यासपीठावरून दिले आहे, आणि त्यावर हशा हमखास मिळतो. पण या युक्तिवादाने कोणालाही कुठेही उभे करता येते. कागदात दिसला तर तो होता, आणि न दिसला तर तो फारच हुशार होता. असे म्हणणाऱ्याला हरवता येत नाही, म्हणूनच त्याचे म्हणणे निरुपयोगी.

मृत्यूची गोष्ट पाहा. खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर, म्हणजे जुन्या भूपाळगडावर, बहिर्जीची म्हणून समाधी दाखवतात. मी सांगोल्यापर्यंत एसटीने आणि पुढे मित्राच्या मोटारसायकलवर जाऊन आलो. शांत जागा आहे. श्रद्धेने सांभाळली आहे. तिथे ऐकायला मिळणाऱ्या कथांपैकी एक अशी, की दिलेरखानाने गड घेतला त्या लढाईत बहिर्जी पडला. दिलेरखानाने भूपाळगड घेतला तो एप्रिल १६७९ मध्ये. जालन्याची मोहीम त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली. पट्ट्याचे श्रेय त्याला द्यायचे तर एप्रिलमधले मरण बाजूला ठेवावे लागेल. दोन्ही गोष्टी मी एकाच भाषणात, दहा मिनिटांच्या अंतराने, सांगत होतो. पंधरा वर्षांत ना मला खटकले, ना श्रोत्यांना.

आमच्या भागातली एक गोष्ट यापेक्षा मजेशीर आहे. शिमग्यात सोंगे काढणारा एक बहुरूपी महाराजांच्या नजरेत भरला, तोच पुढे बहिर्जी, असे सांगतात. ही कथा जुन्या साधनांत मला सापडली नाही. पण शिमगा सभासदात आहे, आणि तो बारामती तालुक्यातल्या सुप्याचा! सुपे परगणा शहाजीराजांच्या जहागिरीतला. तिथला कारभार महाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडे. महाराज शिमग्याचे पोस्त मागण्याच्या निमित्ताने मामाकडे गेले आणि त्यांना कैद करून ठाणे ताब्यात घेतले, असे सभासद सांगतो. म्हणजे शिमग्याचे सोंग इथे आहे, पण ते घेतले खुद्द महाराजांनी. सोंग, शिमगा आणि हेरगिरी हे तीन धागे लोकांच्या तोंडी पुढे एकत्र वळले गेले आणि सोंग बहिर्जीच्या अंगावर चढले, असा माझा तर्क आहे. तर्कच. पण सुप्याच्या माणसाला आपल्या गावचा शिमगा कथेत सापडतो आणि तो कुणी चोरून नेला हे कळत नाही, याची मला गंमत वाटते.

मूळ दोष आकड्यांत किंवा सोंगांत नाही, तो ‘खात्याचे प्रमुख’ या शब्दांत आहे. राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधान होते, त्यांची नावे आणि कामे आपल्याला माहीत आहेत. त्यांत हेरखात्याला वेगळे आसन नाही. जासूद हा शब्द फारसी-अरबी वळणाचा. बातमी काढणारा आणि बातमी पोहोचवणारा, दोन्ही त्यात आले. पेशवाईच्या कागदांत तर जासूद म्हणजे बहुधा पत्र घेऊन धावणारा माणूस. त्यांचा जो म्होरक्या तो नाईक. आपण मात्र डोळ्यांसमोर आणतो दिल्लीतली इमारत, टेबल, फायली आणि त्यामागे बसलेला कुणी थंड डोक्याचा माणूस. आपल्याकडची आजची केंद्रीय गुप्तवार्ता यंत्रणा १८८७ साली इंग्रजांनी सुरू केलेल्या शाखेतून वाढली. परदेशातल्या हेरगिरीसाठी ‘रॉ’ निघाली ती १९६८ मध्ये, आणि तिचे पहिले प्रमुख रामेश्वरनाथ काव १९७७ पर्यंत त्या खुर्चीत होते. कावांची कारकीर्द लिहिता येते : नेमणूक, मोहिमा, सरकार बदलल्यावर जाणे. बहिर्जीची तशी कारकीर्द लिहिता येत नाही. मग आम्ही वक्ते काय करतो? कावांच्या मापाचा कोट शिवतो आणि बहिर्जीला घालतो. तो सैल पडतो तिथे कापूस भरतो.

यात मोठे नुकसान असे, की बातमी काढण्याचे काम त्या राज्यात किती जणांनी मिळून केले ते झाकले जाते. अफझलखानाच्या प्रसंगी खानाच्या मनात काय आहे हे कुणी काढले? सभासदाच्या सांगण्याप्रमाणे वकील पंताजी गोपीनाथाने, खानाच्या मुत्सद्द्यांना पैसा चारून. पंताजी सासवडजवळच्या हिवऱ्याचा बोकील. उघड वकील म्हणून गेला, उघड बोलणी केली आणि आतली बातमीही आणली. वेशांतर काही नाही, फक्त पैसा, गोड बोलणे आणि समोरच्या माणसाचा भाव ओळखणे. आमच्या भाषणांत हेही श्रेय बहिर्जीला जाते. म्हणजे एका खऱ्या माणसाला मोठे करताना दुसऱ्या खऱ्या माणसाला आम्ही पुसून टाकतो.

सुरतेकडे परत येतो, कारण माझ्या मते बहिर्जीचा खरा मोठेपणा तिथे आणि पट्ट्यावर आहे. १६६४च्या जानेवारीत फौज शहरात शिरली तेव्हा ती वाट फुटेल तिकडे धावली नाही. वीरजी व्होरा आणि हाजी जाहिद बेग या बड्या सावकारांचे वाडे खणून काढले गेले. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवायला तयार होते. तिथे डोके आपटण्यात वेळ घालवला नाही. फ्रेंच प्रवासी बर्निए लिहितो, की डचांच्या एका मृत दलालाचे घर वगळले, कारण तो हयातीत दानधर्म करणारा होता असे कळले होते. बर्निएचे हे ऐकीव आहे, ते तसेच घ्यावे. तरी एवढे दिसते, की शहराची माहिती घराघरापर्यंत होती. कुठल्या वाड्यात काय आहे, कुठे हात घालायचा नाही, मोगल सुभ्याकडून मदत यायला किती दिवस लागतील, म्हणजे किती दिवस थांबता येईल. ही माहिती बाजारात बसून, भाव विचारत, हमालांशी बोलत गोळा होते. ती बहिर्जीनेच सगळी आणली असा कागद नाही. सुरतेची खबर त्याने आणली असे सभासद म्हणतो आणि उरलेले मी जोडतो आहे. पण ही जोड तीन हजारांच्या आकड्यापेक्षा बरी, कारण ती तपासता येते.

आणि त्या खबरीचा परिणाम पाहा. ती ऐकून महाराजांनी फौज न पाठवता स्वतः जायचे ठरवले. राजाने स्वराज्य मागे ठेवून शत्रूच्या मुलखात इतके आत जाणे म्हणजे खबर खोटी निघाली तर सगळे संपले. एका माणसाच्या शब्दावर तो डाव टाकला गेला. ‘शहाणा’ या साध्या विशेषणाचे वजन इथे कळते. ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवणारा, फुगवून न सांगणारा. मी पंधरा वर्षे फुगवून सांगत होतो तो असा माणूस.

पट्ट्याची गोष्ट तर हेरगिरीचीही नाही, ती वाटेची आहे. लुटीने जड झालेले लष्कर, मागे शत्रू, अनोळखी रान. कुठली खिंड घोड्यांना पेलेल, पाणी कुठे, कुठल्या गावाला वळसा घालायचा. आमच्याकडे अजूनही मेंढरे घेऊन कोकणात उतरणारी माणसे असे चालतात. नकाशा नसतो, रस्ता पायांना माहीत असतो. त्या रात्रींत बहिर्जी चुकला असता तर राज्याभिषेकानंतर पाच वर्षांनी छत्रपती मोगलांच्या हाती पडण्याचा प्रसंग होता. यावर मी भाषणात दीड मिनिट बोलायचो आणि फकिराच्या वेषावर वीस.

हे सगळे वहीत उतरवल्यावर ते कुणाला तरी वाचून दाखवावे म्हणून गेलो तात्यांकडे. तात्या सत्तरी उलटलेले, रामोशी समाजातले. नाव देत नाही, त्यांनीच नको म्हटले. त्यांच्या आजोबांना रात्री पाटलाकडे हजेरी द्यावी लागे. परगावी जायचे तर दाखला. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो कायदा पुढे मुंबई इलाख्यातही आला आणि देशभरात रद्द झाला १९५२ मध्ये. गावाची राखण ज्यांच्याकडे, त्यांच्यावरच पाळत. बहिर्जी हा या समाजाचा मोठा आधार आहे, आणि व्याख्यानाला पहिल्या रांगेत तात्या असत.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “भाऊ, तीन हजार गेले. लाल महाल गेला. आग्राबी गेला. आता त्यो जाधव म्हनताय, म्हंजी आमचा ऱ्हायलाय का न्हाई, तेवढं सांगा.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. जाधव म्हटले की आपल्याकडे लोक लगेच एका बाजूला हात दाखवतात, नाईक म्हटले की दुसऱ्या. सभासद जात सांगत नाही. बहिर्जी आमचा की तुमचा या भांडणात दोन्ही बाजूंची पत्रके माझ्याच दुकानात छापली गेली आहेत, त्यामुळे मी सावध असतो.

उत्तराचा तुकडा सापडला तो अनपेक्षित ठिकाणी. कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश हा कंपनी सरकारचा अधिकारी. उमाजी नाईकांना पकडण्याच्या मोहिमेवर होता. उमाजींना १८३२ साली पुण्यात फाशी झाली आणि पुढच्या वर्षी, १८३३ मध्ये, मॅकिंटॉशने रामोशांवर पुस्तक छापले. पाठलाग करणाऱ्याने लिहिलेले पुस्तक आहे, आणि ते त्याच नजरेने लिहिलेले आहे. त्यात हा कप्तान नोंदवतो, की रामोशी स्वतःची दोन मुख्य कुळे सांगतात, एक चव्हाण आणि दुसरे जाधव. नाईक हे तर त्यांच्या म्होरक्याचे नावच. म्हणजे ‘बहिरजी जाधव, नाईक’ हे नाव रामोशी परंपरेत अडखळत नाही, सहज बसते. इंग्रज आमदानीच्या आरंभीच्या कागदांत, एल्फिन्स्टनच्या १८१९च्या अहवालातही, गावराखणदाराच्या कामाचे वर्णन आहे : चोराचा माग काढत शिवेपर्यंत जायचे, माग पुढे गेला तर तो शेजारच्या गावाच्या राखणदाराच्या हवाली करायचा, नाहीतर भरपाई. गावोगावच्या शिवांवर माग हातातून हातात जातो आहे, अशी ही व्यवस्था. जासुदांचा नाईक नेमायचा तर राजा माणूस कुठे शोधेल, हे त्यावरून समजते.

याने सिद्ध काही होत नाही. जाधव इतरही अनेक समाजांत आहेत. नाईक हे जासुदांच्या म्होरक्याचे पद म्हणूनही पुरेसे आहे. पण ‘जाधव आहे म्हणजे रामोशी नाही’ असे जे आमच्याकडे ठासून सांगतात, त्यांचा युक्तिवाद या एका नोंदीने मोडतो. परंपरेला कागदाने पाठिंबा दिला नाही, तिची वाट मोकळी ठेवली. दुकानात येणाऱ्याला मी जसे सांगतो तसेच तात्यांना सांगितले : नोंद तुमच्या विरोधात नाही, पण हिच्यावर दाखला निघणार नाही.

तात्या म्हणाले, “आजोबाला धरायला आल्याली माणसं ल्हून ठिवत व्हती, आन आम्हाला त्यातच घावायचं.” मग थोडा वेळ गप्प राहून, “त्यो पट्ट्याचा रस्ता परत वाचा.” मी वाचला. कुठून वळले असतील, रात्री दिवटी पेटवली असेल का, घोड्यांच्या टापांचे काय, असे त्यांनी तासभर विचारले. त्यांना बाकी काहीच ऐकायचे नव्हते.

यंदाच्या शिवजयंतीला तात्यांच्या नातवाने गावात फलक लावायचे ठरवले आणि मजकूर माझ्याकडून घेतला. मी चार ओळी दिल्या : जासुदांचे नाईक बहिरजी जाधव, सुरतेची खबर, पट्ट्याची वाट, विश्रामगड. चौकात फलक लागला तेव्हा पाहायला गेलो. माझ्या चारही ओळी होत्या. त्यांच्या वर, छापणाऱ्याच्या संगणकात आधीपासून तयार असलेल्या चित्रावर, लाल अक्षरांत होते ‘तीन हजार हेरांचे सरदार’. नातू म्हणाला, “काका, ते काढायला सांगितलं होतं. तो म्हणाला, डिझाइनमध्येच आहे.” बारावीतली ती मुलगी आता बारामतीत महाविद्यालयात शिकते. तिच्या गावच्या मंडळाने मला पुन्हा बोलावले आहे. विषय त्यांनी छापलाही आहे, नेहमीचाच. सुरुवात त्या मुलीच्या प्रश्नापासून करणार आहे. पेट्रोलचे पैसे या वेळी आगाऊ घेतले आहेत.